दाढ भरताना

“कॉलेज निवडणं म्हणजे माणसाचं अर्धं आयुष्य निवडणं,” दाताचे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि खुर्चीतल्या मास्तरांच्या दाढेशी त्यांनी कापसाचा आणखी एक बोळा कोंबला. मास्तरांनी हुंकार दिला. या दवाखान्यात चर्चेची हीच पद्धत होती. समोरच्याचं तोंड भरलं की डॉक्टर मत मांडत, आणि इतक्या वर्षांत त्यांचं प्रत्येक मत बिनविरोध मंजूर झालं होतं.

लाळ ओढायची नळी धरून डॉक्टरांची मुलगी उभी होती. नर्सबाई रजेवर गेल्या की हे काम तिचं. तिला दूरच्या एका प्रांतात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि होकार कळवायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. डॉक्टरांची हरकत कॉलेजला नव्हती, प्रांताला होती. तिथली माणसं फटकळ. शिवाय ज्या पक्षाचं नाव निघालं की डॉक्टर भरल्या ताटावरून उठत, त्याला तिथले लोक वर्षानुवर्षं हौसेने निवडून देत. जवळचं कॉलेजही चांगलं होतं. तिथे भूगर्भशास्त्र नव्हतं, एवढंच.

मास्तर मूळचे त्याच प्रांतातले.

“तुम्हीच सांगा मास्तर, एकट्या मुलीला तिथे पाठवावं का?” डॉक्टरांनी विचारलं आणि सवयीने दाढेवर वाकले.

मुलीने नळी बाहेर काढली. मग चिमट्याने कापसाचे बोळे काढले आणि पाण्याचा पेला मास्तरांच्या हाती दिला. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले.

मास्तरांनी सावकाश चूळ भरली.

“मी इकडे यायला निघालो तेव्हा आई हेच म्हणाली होती. म्हणे, तिथली माणसं गोड बोलतात पण कामाला येत नाहीत. आणि मतं कुणाला देतात ते तर विचारूच नकोस.”

मग त्यांनी पहिल्या वर्षीचा टायफॉइड सांगितला. इथल्या घरमालकीणबाई रोज सकाळी मास्तरांच्या पक्षाचा उद्धार करायच्या. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा त्याच बाई दोन्ही वेळचं जेवण खाटेशी आणून द्यायच्या. आणि घरातला रेडिओ त्यांनी बंद करून टाकला. बातम्या ऐकून पोराचा ताप चढायला नको, म्हणून.

“मग आईला पटलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे. पण फोन केला की आधी बाईंची चौकशी, मग माझी.”

डॉक्टरांनी नवा बोळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. जरा वेळाने दाढ भरून झाली. काम तेवढंच होतं, तरी त्यांनी मास्तरांचे सगळे दात एकेक करून लखलखीत करायला घेतले. आभार मानायची त्यांना तेवढीच रीत ठाऊक होती.

“जा, होकार कळवून ये,” ते मान वर न करता मुलीला म्हणाले. “नळी मी धरतो.”

जाण्याआधी तिने त्यांच्या नाकावरचा शिंतोडे उडालेला चष्मा काढला, ओढणीने नीट पुसला आणि परत चढवला.

महिन्याभराने ती तिथल्या वसतिगृहात पोचली. खोलीत जोडीला मिळालेली मुलगी तिच्याच गावची, दवाखान्याच्या मागच्या गल्लीतली निघाली. पहिल्याच आठवड्यात दोघींचं वाजलं, पंख्यावरून.