काळ्या खिडकीचा कोप

विश्रांतवाडीच्या आमच्या मंदिरात त्या रविवारी कीर्तनालाही नसते एवढी गर्दी जमली होती, आणि सगळे बघत होते एका जुन्या लिनक्स संगणकाकडे. बिघाड काढायला बोलावलेल्या श्यामसुंदर महाराजांनी डावा हात भगव्या रुमालाखाली कळफलकावर ठेवला, डोळे मिटले, आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीतली नावं अलगद शेजारच्या यादीत उतरली. खिडकीतलं काम मात्र चालूच. बायकांनी हात जोडले.

मंदिराकडे चाळीस वर्षांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं आहेत. संगणक त्यांची खरखर काढतो, झालेल्यांची नावं काळ्या खिडकीत दाखवतो. ती कॉपी करून यादीत टाकायचं काम टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या सुहासिनीबाईंचं. पण आठवडाभर त्यांनी नावं उचलली रे उचलली की काम बंद पडायचं, पुन्हा पहिल्यापासून.

"यंत्रालाही सोवळं असतं," महाराज म्हणाले. "विधवेच्या हाताने स्पंदनं बिघडतात. नादब्रह्म कोपतं. हे क्वांटम आहे."

क्वांटम म्हटल्यावर दोन निवृत्त इंजिनिअरांनीही माना डोलावल्या.

विश्वस्त रंगराव पुढे आले. "सुहासिनीताई, वाईट वाटून घेऊ नका. यापुढे तुम्ही चपलांकडे लक्ष द्या."

"तीस वर्षं शिक्के मारले, रंगराव," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हाताने एक पत्र कोपलं नाही." आणि पदर सावरून उठल्या. ही बाई कीर्तनात टाळ चुकू देत नाही.

माझी सून उत्कर्षा कॉलेजात संगणक शिकवते. ती म्हणाली, "महाराज, रुमाल काढून दाखवता?"

"तेज डोळ्यांना सोसणार नाही, बेटा."

"मी चष्मा लावते." मग ती वळली. "काकू, तुम्ही काय दाबता?"

"कंट्रोल आणि सी. ऑफिसात तेच तर शिकवलं होतं."

"इतर ठिकाणी ती कॉपी. या खिडकीत मात्र त्याचा अर्थ 'चालू काम थांबव'. इथे मध्ये शिफ्टही दाबायची: कंट्रोल, शिफ्ट, सी. खिडकीत पेस्ट करतानाही शिफ्ट हवी. यादीत नेहमीचं कंट्रोल-व्ही चालेल. बसा बघू."

सुहासिनीबाईंनी नावं निवडली, तीन कळा दाबल्या. काम चालू राहिलं. नावं यादीत आली.

"आता रंगराव, तुम्ही. शिफ्टशिवाय."

रंगराव सोवळं नेसलेले, त्यांची बायको शेजारी धडधाकट उभी. त्यांनी कंट्रोल-सी दाबलं. काम जागच्या जागी बंद.

"रंगराव, आता तुमची स्पंदनं बघून घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

महाराज रुमालाची घडी घालत होते. हे कुठे शिकलात, असं उत्कर्षाने विचारलं तेव्हा पुटपुटले, पूर्वी त्यांचं सायबर कॅफे होतं. तीन बोटं रुमालाखाली, बाकी सगळं तोंडाने.

रंगरावांनी स्वतः खुर्ची ओढून सुहासिनीबाईंना बसवलं. "चुकलं," एवढंच म्हणाले. बाईंनी बंद पडलेलं काम पुन्हा सुरू केलं.

मी देव मानतो, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतो, पुढेही बसणार. म्हणूनच सांगतो: देवाच्या दारात काही अडलं, तर कोणती कळ दाबली ते आधी विचारा. कपाळ कुणाचं मोकळं आहे, ते बघू नका.