आई दादाकडे राहायला गेली तेव्हा

आईची आठवण आली की मला आमचं घर आठवत नाही, दादाचं आठवतं. दुसऱ्या मजल्यावरचं, जिन्यात ओल्या कपड्यांचा वास असलेलं.

दादा माझ्याहून मोठा, पण समज लहान मुलाएवढीच राहिलेली. चाळिशी आली तरी त्याची दाढीसुद्धा आईच करून द्यायची. मग एका संस्थेनं त्याच्यासारख्या तिघांसाठी ते घर घेतलं. मदतीला दिवसभर एक ताई असायच्या. आईला तयार करता करता माझ्या नाकी नऊ आले.

"त्याला काही येत नाही हो," ती ताईंना म्हणाली.

"येईल. तुम्ही फक्त थोडं लांब राहा."

लांब राहणं आईच्या रक्तातच नव्हतं. रोज डबा घेऊन हजर. स्वतःच्या किल्लीनं दार उघडायची, थेट त्याच्या कपाटाकडे. शेवटी एकदा दादानंच तिला दारात अडवलं.

"आई, आधी बेल वाजव. मग मी उघडतो."

"अरे, मी आई आहे तुझी."

"हो. पण घर माझं आहे."

"आमचंपण," आतून साहेब म्हणाला. घरातसुद्धा टाय लावून बसायचा, म्हणून साहेब. तिसरा दिवसाकाठी जेमतेम एखादा शब्द बोलायचा, म्हणून त्याचं नाव रेडिओ.

आईनं निमूटपणे बेल वाजवली. दादा म्हणाला, "या, बसा." हे मला फोनवर सांगताना ती हसत होती की रडत होती, कळलं नाही.

पुढच्याच वर्षी न्हाणीघरात घसरून तिचा पाय मोडला. मी लांब नोकरीला. लगेच रजा मिळेना. दादानं ताईंकडे धोशाच लावला, "आई माझ्याकडे येईल." ताईंनी संस्थेकडून तशी परवानगी काढली. रेडिओनं आपली उशी उचलली आणि खोली रिकामी करून दिली.

मी पोचले तेव्हा दादा चहा करत होता. ओट्यावरच्या भिंतीला चहाची चित्रं क्रमानं लावलेली होती. तो प्रत्येक चित्रावर बोट ठेवून पुढे सरकत होता. आई उठायला लागली.

"बस गं," तो म्हणाला. "गॅसजवळ यायचं नाही."

हे वाक्य तिचंच. जन्मभर त्याला ऐकवलेलं. ती गुपचूप बसली. चहा पाकासारखा गोड होता. तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग त्यानं तिचे केस विंचरले. भांग वाकडा पडला. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"याला वेणीसुद्धा घालता येते," ती हळूच मला म्हणाली. "ताईंच्या लेकीची घालून शिकला म्हणे. मला कुणी बोललंच नाही."

पाय बरा झाला तरी ती आणखी थोडे दिवस तिथेच रेंगाळली. नंतर मात्र फार जगली नाही. ती इमारतही पाडली. दादा आणि साहेब आता दुसरीकडे, तळमजल्यावर राहतात. रेडिओला त्याच्या भावानं नेलं. नवं घर ऐसपैस आहे, दादा मजेत आहे. मला मात्र त्या जुन्या घरातल्या दुपारी हव्याशा वाटतात. भांडी घासायची पाळी कुणाची यावरून तिघांची जुंपलेली असायची आणि आई पलंगावरून निवाडा करायची, दर वेळी दादाच्या विरुद्ध.