तीन पेडलांची गाडी

जरा पुढं सरका, माउली. देवळात बुवा राजांची, भक्तांची आख्यानं लावतात. मी आज एका ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं लावतो. देव त्यातही आहे, तो तुमचा तुम्ही ओळखा. पूर्वरंग नको, सरळ दुकानातच नेतो तुम्हाला.

राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात तानाबाई स्टुलावर बसली होती. शेजारी तिचा नवरा गुंडू, कुबड्या भिंतीला टेकवून. दुकानदार राजवर्धन हिशेब मांडत होता आणि तानाबाईची लेक मोना त्यातलं एकेक कापत होती.

"कीबोर्डला दिवे कशाला? लगीन हाय व्हय कॉम्प्युटरचं?"

"बरं, काढले दिवे. हेडफोन?"

"नगो. इंजिनाचा आवाज घरभर होऊ दे की."

"गेमिंगची खुर्ची?"

"घरात हाय लाकडाची. हात मोडलाय, पर बसाय येतंय."

गुंडूनं तीस वर्षं शिरोली एमआयडीसीतलं कास्टिंग भरून बंगळूरच्या रस्त्यावर ट्रक चालवला. मग साखरेच्या दुखण्यानं डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून तो जेवायचा, झोपायचा, पण बोलायचा नाही. देवळातल्या कीर्तनाला त्याची ठरलेली खांबाकडची जागा, तीही मोकळी राहू लागली. मोना एका क्लासमध्ये नोकरीला. तिथल्या पोरांनी तिला ट्रकचा गेम दाखवला, टेबलाला स्टिअरिंग लावून खेळायचा. तिनं तो बापाला मोबाइलवर दाखवला, आणि त्या दिवशी गुंडूनं आपणहून भाकरी मागून घेतली. तानाबाईला तेवढं पुरलं. मालकानं नोकरी सुटताना दिलेल्या पैशांतले साठ हजार तिनं बाजूला काढले. उरलेले चांगल्या, हलक्या नकली पायासाठी होते. शिबिरात फुकट मिळालेला पाय त्याला काचायचा.

"साठ हजारांत बसतंय काका," राजवर्धन म्हणाला. "स्टिअरिंग आणि दोन पेडल, ब्रेक नि ॲक्सिलेटर. गिअर आपोआप पडतो."

"क्लच?"

"तुमाला क्लच कशाला? तसाबी डावा..." तो मध्येच थांबला.

"क्लच न्हाय ती गाडी न्हवं, पाळणा हाय," गुंडू म्हणाला. "तीन पेडलांचं दावा."

तीन पेडलांचा, गिअरच्या दांड्याचा सेट फारच महाग निघाला. मोनानं स्क्रीन लहान केला, ग्राफिक कार्ड वापरलेलं घेतलं, तरी तोंडमिळवणी होईना.

"पायातनं घ्या," गुंडू म्हणाला.

"अवो, मग पाय?"

"पाय लावून मी जाणार कुठं? कोपऱ्यापातूर? शिबिरातला हाय की. क्लच तेनंच दाबतो."

तानाबाईला ते पटलं नाही. पण वर्षभरात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. तिनं पिशवीचं तोंड सोडलं.

घरी कॉम्प्युटर लागला तसं तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लिंबू हातात घेऊन मात्र अडली.

"हेला चाक कुठं हाय? लिंबू ठेवू कशाखाली?"

"आई, लिंबू आत ठिव. शॉक बसंल एकांद्याला." मोना हसली, गुंडूही हसला.

मग तो शिबिरातला पाय चढवून बसला. ट्रक सुरू झाला, धक्का खाऊन बंद पडला. परत सुरू, परत बंद. क्लच नेमका कुठं धरतो ते तळव्याला कळतं, आणि त्या पायाला तळवाच नव्हता. दाबला की पुरता, सोडला की पुरता. इतके घाट चढलेल्या माणसाला गाडी फाटकाबाहेर काढता येईना. शेवटी त्यानं पाय उतरवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"दिऊन या परत."

"दोन पेडलांचं आणू का, आबा?" मोनानं विचारलं.

"कायबी आणू नगा."

तानाबाईनं पाट घेतला, टेबलाखाली सरकवला, त्यावर बसून क्लचच्या पेडलावर तळहात ठेवला. "सांगा, कवा दाबू."

"तू?"

"मग कोण येतंय दुसरं?"

"बाईमाणूस गाडीत घेत न्हाईत. ठावं हाय न्हवं?"

त्याला ट्रक शिकवणाऱ्या उस्तादानं घालून दिलेला दंडक तो. तीस वर्षांत तानाबाई कधी केबिनची पायरी चढली नव्हती.

"मी गाडीत कुठं हाय? गाडीखाली हाय की."

वर खुर्ची करकरली, टेबलाकडं वळली. मग आवाज आला, "दाब." आणि थोड्या वेळानं, "सोड. सावकास. दूध वर आल्यावर गॅस बारीक करतीस, तसं."

गाडी हलली.

मग रोज दुपारी ती दोघं निघू लागली. तानाबाईला पडदा दिसायचा नाही. दिसायचा तो ब्रेकवरचा त्याचा उजवा पाय. "आता कुठं आलो?" ती विचारी. "निपाणी गेली." तवंदीचा घाट लागला की तो तिला वळणं सांगायचा, कुठल्या वळणावर टायर फुटला, कुणी घास दिला, कुठं एकटाच रडला होता. संसारात कधी न सांगितलेलं सगळं त्या टेबलाखाली तिच्या पदरात पडत गेलं. गेममधला मुलुख परका, बर्फाचा, असं मोनानं तिला एकदा सांगितलंही. "तेस्नी कळतंय रस्ता," ती म्हणाली. तिचं मनगट सुजायचं. तो झोपला की ती तेल लावायची.

चैत्रातल्या एका दुपारी संकेश्वर मागं टाकल्यावर तो म्हणाला, "जरा थांबतो. दाब."

तिनं दाबला. वर इंजिन घुरघुरत राहिलं. टोलनाक्यावर रांग असेल असं तिला वाटलं. हाताला मुंग्या आल्या तसा तिनं दुसरा हात लावला.

"लई गर्दी हाय का वो?"

ब्रेकवरचा उजवा पाय अलगद घसरून फरशीवर टेकला. तिनं तो पाहिला. त्याच्याकडंच बघत राहिली.

मोना कामावरून आली तेव्हा बापाची मान छातीवर कलली होती, आणि आई टेबलाखाली, दोन्ही हात पेडलावर.

मोना तिच्याजवळ खाली बसली. "आई, उठ आता. सोड."

"त्यांनी न्हाय सांगितलं अजून," तानाबाई म्हणाली.

माउली, आज रात्री देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्यामागून तानाबाईचंही एकदा घ्या.