भोंगेकाकांच्या गोष्टी ज्या डब्यातून जायच्या

मित्रांनो, माळ्यावर जुन्या पंख्याशेजारी एक काळा चपटा डबा उलटा पडलेला दिसतो ना, तो मी. एका घरातला म्हातारा राउटर. मला दोन शिंगं आहेत, त्यातलं एक वाकडं. पुढे चार दिवे आहेत, पण ते विझलेले. व्हिडिओ अडकला की तुम्ही ज्याच्या नावाने बोटं मोडता, तो मी किंवा माझाच कोणी भाऊबंद.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कोणी माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, कोणी पाठीवर झाकण दाबलं. दिवे लागतात का ते पाहिलं आणि मला खोक्यात घातलं. आत काळोख होता, पण मी खुशीत होतो. कोणाच्या तरी घरी आपली वाट पाहत असतील, असं मला वाटत होतं.

वाट कोणीच पाहत नव्हतं. इंटरनेट विकणारा एक गोडबोल्या माणूस इमारतीच्या जिन्यात उभा होता आणि ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर येत होत्या. त्याने स्वतःच्या फोनवर सुसाट पळणारा व्हिडिओ दाखवला. "ताई, कनेक्शन आमचं घ्या, राउटर आमच्याकडून भेट. आणि घरात कोणाची वेबसाइट असेल तर तिला जागासुद्धा फुकट!" पिशव्यांनी ताईंचे हात तुटायला आले होते. "बरं, लावून द्या एकदाचं," त्या म्हणाल्या. झाली कंपनीची निवड! कोणाला काही विचारणं नाही की पारखणं नाही. भाजी घेतानासुद्धा ताई चार गड्ड्या उलटसुलट करून बघायच्या.

घरात माणसं तीन. ताई, त्यांचा नवरा आणि ताईंचे वडील. वडील बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस धावत सुटायचा. म्हणून सगळं गाव त्यांना भोंगेकाका म्हणायचं. निवृत्त झाल्यावर काका अंध मुलांच्या शाळेसाठी गोष्टी वाचू लागले. खिडकीवर जाड चादर टांगून ते माझ्याशेजारी बसायचे, आवाज बदलून बदलून वाचायचे. ताई ते ध्वनिमुद्रण काकांसाठी त्याच फुकटच्या जागेत उघडलेल्या वेबसाइटवर चढवायच्या. वाघाची गोष्ट ऐन रंगात आली असताना एकदा शेजारचा मिक्सर सुरू झाला. काका वाघाच्याच आवाजात शेजारणीवर डाफरले. मुलांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकला म्हणे.

काकांचा शब्द न् शब्द माझ्यातून जायचा. दूरदूरच्या मुलांपर्यंत हा आवाज आपण पोहोचवतो, या विचाराने मी फुगून जायचो.

पण त्या कंपनीची लाइन भारी नाजूक. कुठे खट्ट झालं की बंद! तार तुटायची बाहेर, रस्त्यावरच्या खांबापाशी, आणि खापर फुटायचं माझ्या डोक्यावर. जावईबापू माझी पिन उपटायचे, पुन्हा खुपसायचे, वर एक थप्पड ठेवून द्यायचे. मी लाल दिवा लावून सांगायचो, अहो, माझा काही दोष नाही. लाल दिव्याची भाषा कोणाला कळणार?

मग काकांच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. घरात आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी ताईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच बसून राहिले. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्यानंतर काका टेबलावर बोटाने टकटक करून बोलवायचे. संध्याकाळी वेबसाइटवरची स्वतःचीच एखादी गोष्ट लावायचे आणि ओठ हलवत ऐकायचे. वाघ ओरडला की खांदे हलवून हसायचे.

काका असे ऐकत असतानाही मध्येच लाइन जायला लागली. तेव्हा मात्र जावईबापूंनी कानाला खडा लावला. "आता पारखून घ्यायचं," ते म्हणाले. त्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन विचारलं, "तुमची लाइन जाते का? गेली तर माणूस कधी येतो?" कनेक्शन घेण्याआधीच प्रत्येक कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावून बघितला. जिथे माणसाने उचलून धड उत्तर दिलं, ती कंपनी ठरली. मलासुद्धा त्यांचं कौतुक वाटलं. त्या कंपनीचा नवा पांढरा राउटर आला. माझी जागा जाणार, याचं वाईट वाटलं, पण काकांची गोष्ट आता मध्ये तुटणार नव्हती.

मग जुन्या कंपनीचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, कनेक्शनबरोबर जे जे दिलं होतं ते सगळं बंद करायचं ना?"

"हो बाई, सगळं बंद करा. नाकी नऊ आणलेत तुम्ही आमच्या!"

मित्रांनो, इथेच घात झाला. त्या सगळ्यात वेबसाइटची जागाही होती! गोष्टी त्याच कंपनीच्या जागेत ठेवल्या आहेत, हे त्या घरात एकट्या मला आठवत होतं. ताईंना वाटायचं, वेबसाइट म्हणजे इंटरनेटवर असते, तिला काय होणार? संगणक भरून सरपटायला लागला तेव्हा त्यांनी त्यातल्या गोष्टीही पुसल्या होत्या. साइटवर आहेतच की, म्हणून. मी चारही दिवे लुकलुकवले. "बघ, हा अजून नाटकं करतोय," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी माझी पिन काढून मला माळ्यावर टाकलं.

काही आठवड्यांनी ते खातं पुसलं गेलं आणि त्याच दुपारी, काका गोष्ट लावायच्या आधीच, शाळेतल्या बाईंचा फोन आला. "काकांच्या गोष्टी लागत नाहीत हो, मुलं विचारतायत." ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी जुन्या कंपनीला फोन केला, विनवण्या केल्या. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं. पुसलेलं खातं परत येत नाही." शाळेत मुलं थेट साइटवरूनच ऐकायची. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ताई काकांचे पाय धरून म्हणाल्या, "बाबा, मी तुमचा आवाज घालवला." काकांनी त्यांच्या पाठीवर नुसता हात फिरवला. मी माळ्यावरून बघत होतो. बघण्यापलीकडे मला काय करता येणार होतं?

म्हणून हात जोडून सांगतो, इंटरनेट घेताना दहाजणांना विचारा, पण आपल्या जिवाची वस्तू कोणाच्या घरी ठेवली आहे, तेही विचारा. तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. जुनं दार लावण्याआधी आत काही राहिलंय का, ते बघा.

काल दुपारी घरात कोणी नसताना काका स्टुलावर चढले. त्यांनी मला खाली उतरवलं, धोतराच्या टोकाने पुसलं, भिंतीत माझी पिन लावली. सगळं याच्यातूनच गेलं होतं, थोडं तरी उरलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला उचलून कानाला लावलं. मित्रांनो, माझ्यातून जातं ते माझ्यात राहत नाही हो. मी नुसता घूं घूं करत राहिलो, आणि काका डोळे मिटून ऐकत राहिले.