करंगळीचा टेकू

मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो, आणि तोही शेपटीवाला. आजकालचे माझे बिनवायरीचे भाऊबंद बॅटरी संपली की निपचित पडतात. माझं तसं नाही. शेपटी खोचली की मी कामाला हजर!

माझी उमेदीची वर्षं रोह्याच्या एका कंपनीत गेली. तिन्ही शिफ्टना मी राबलो. "याच्यासारखा गुणी माऊस नाही," असं साहेब म्हणायचे आणि मी फुलून जायचो. मग नवे माऊस आले आणि माझी रवानगी खणात झाली. वर्षभर मोडक्या स्टेपलरशेजारी धूळ खात पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. शेवटी कंपनीतल्या नम्रताने मला मागून घेतलं आणि पेणला आणलं. तिथल्या वाचनालयात ती दर रविवारी साठी ओलांडलेल्यांना संगणक शिकवते.

तिथे मला पुतळीकाकी भेटली. गणपतीच्या कारखान्यात ती पन्नास वर्षं आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. तिने डोळे दिलेले गणपती साता समुद्रापार गेले, पण तिचं नाव शेजारच्या वडखळच्या पुढेही गेलं नाही. यंदा अलिबागला कारागिरांचं प्रदर्शन भरणार होतं. ज्याचा अर्ज, त्याच्या नावाची पाटी. आणि अर्ज फक्त संगणकावरून. कारखाना चालवणारा तिचा पुतण्या हितेश म्हणाला, "काकी, तुला नाय जमायचं. मी माझ्या नावानं भरतो, तू बस शेजारी."

पुढच्या रविवारी काकी वर्गात येऊन बसली.

पहिल्या दिवशी तिने माझी पार फजिती केली. ब्रश धरावा तसं मला तीन बोटांत धरून हवेत उचललं. एक रेघ झाली की मला डावीकडे न्यायची, कारखान्यात रंगाची वाटी असते तिथे, बुडवायला! वर्गात तिथे नम्रताचा चहा होता. थोडक्यात वाचलो.

चार रविवारांत उचलणं थांबलं, पण हाताची थरथर थांबेना. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. काकीने तासभर खपून सगळी माहिती भरली. नाव तेवढं शेवटी ठेवलं, कारण मूर्तीचे डोळेही शेवटीच रंगवतात. नेमका तेव्हाच हात हलला, बाण भलत्याच बटणावर गेला आणि सगळा अर्ज कोरा झाला. चार वाजले होते. पाचला अर्ज बंद होणार होते.

काकीने मला सोडून दिलं. "हितेश खरं बोलला गो. माझा हात आता कामाचा नाय रायला."

"काकी, काल किती मूर्ती आखल्या?" नम्रताने विचारलं.

"बावीस."

"तेव्हा नाय हात हलला?"

"कसा हलंल? करंगळी टेकते ना मूर्तीच्या गालावर."

"मग इथं टेका की!"

काकीने करंगळी टेबलावर टेकली आणि मला धरलं. मित्रांनो, साहेबांच्या हातातही मी इतका ठाम चाललो नव्हतो! रकान्यामागून रकाना भरत गेला. शेवटी नाव आलं: पुतळी हिरामण म्हात्रे. डोळ्याचं बुबुळ रंगवताना रोखते तसा तिने श्वास रोखला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपला अर्ज मिळाला.' मिठागरात हयात घालवलेले सखाआजोबा मागच्या खुर्चीवरून ओरडले, "गणपती बाप्पा!" सगळा वर्ग म्हणाला, "मोरया!" मला तर वाटलं, तो जयजयकार माझाच आहे.

प्रदर्शनाचा फोटो नम्रताने आमच्याच पडद्यावर दाखवला. पाटीवर काकीचं नाव होतं. काकी मधोमध बसली होती आणि हितेश शेजारी.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना अधूनमधून पुसत जा, एवढं मागणं तर आहेच. पण तुमच्या घरातला एखादा म्हातारा हात माझ्यावर थरथरला, तर "सरका, मी करतो" म्हणून मला हिसकावून घेऊ नका. तो हात आयुष्यभर कुठे टेकत आला, तेवढं त्याला विचारा.