आत कोण?

मी एक जुनी घोंगडी आहे. काळीभोर, काठाला पांढरी रेघ, आणि टोचरी. हो, टोचरीच! लोकर आहे मी, मलमल नव्हे.

मित्रांनो, सूर्यभान सणगरांनी मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताठ केलं आणि मिरजगावच्या बाजारात आणलं. मला वाटलं, आता मेंढपाळाच्या खांद्यावर बसून माळरान बघायचं! पण मला घेतलं विजयमालाबाईंनी. मुलींच्या वसतिगृहातल्या या बाई पुण्याहून मनाचं काहीतरी नवं शिकून आल्या होत्या.

शनिवारी शाळा सुटली की बाई मुलींना गोल बसवायच्या. म्हणायच्या, "आपल्या आत एकच कुणी नसतं गं. रागीट असते, भित्री असते, लाडोबा असते. कुणाला हाकलायचं नाही. आधी तिचं ऐकायचं." मग एकजण मला डोक्यावरून ओढून घ्यायची. बाकीच्या विचारायच्या, "आत कोण?" आणि आतली बोलायची. नियम एकच. घोंगडीतलं घोंगडीत.

सुरुवातीला नुसती खिदळाखिदळी.

"आत कोण?"

"भुकेली पुष्पी! आज पिठल्यात पाणीच लई हुतं!"

पण हळूहळू मुली खरं बोलू लागल्या. माझ्या अंधारात त्यांना भीती वाटेनाशी झाली. कित्ती अभिमान वाटायचा मला!

चांगुणा मात्र कधी आत येत नसे. दुष्काळाचं साल. तिची आई लंकाबाई खडी फोडायच्या कामावर होती. एका शनिवारी चांगुणा उठली आणि तिनं मला गच्च गुंडाळून घेतलं.

"आत कोण?"

"रागीट चांगुणा. आई खडी फोडाया गेली की मला बरं वाटतं. सुट्टीला गेल्यावर मग घरात कुनी वरडत न्हाई, कुनी मारत न्हाई."

कुणी हसलं नाही. बाईंनी हळूच विचारलं, "आणखी कुणी आहे का आत?"

आतून आवाज आला, "हाय. दुसरी हाय. ती आईचं जुनं लुगडं उशाला घेती. आईची बोटं फुटल्यात, ती तिला बघवत न्हाईत."

मग ती रडली. माझी लोकर भिजली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा काही हलका झाला होता, की मी टोचते हेही ती विसरली असावी.

तुम्ही म्हणाल, घोंगडीतलं घोंगडीत, मग तू का सांगतेस? अर्धं तर साऱ्या गावानं ऐकलंच आहे. उरलेलं अर्धं सांग, असं चांगुणाच मला म्हणाली.

झालं असं, की स्नेहसंमेलन आलं आणि बाईंनी एक नाटुकली बसवली. तालमीत चांगुणा नव्हती. तिला पाहुण्यांच्या चहापाण्याला लावलं होतं. पडदा सरकला, आणि रंगमंचावर मी! माझ्यात पुष्पी. मुलींनी विचारलं, "आत कोण?"

"रागीट ठकू! आई खडी फोडाया गेली की मला लई बरं वाटतं!"

काय हशा पिकला! पाहुणे मांडीवर थाप मारून हसले. नाव बदललं होतं हो, पण वसतिगृहातल्या सगळ्या मुलींच्या माना एकदम चांगुणाकडे वळल्या. आणि त्या वळलेल्या माना मागं बसलेल्या लंकाबाईनं पाहिल्या.

मी वाट पाहत होते. आता दुसरी बोलेल, लुगड्याची. पण दुसरी आलीच नाही. नाटुकली लांबत होती, म्हणून बाईंनी तिला गाळलं होतं. लंकाबाई उठली. लेकीसाठी कामावर खायला मिळणारी सुकडी वाचवून आणली होती, ती पुरचुंडी तशीच कमरेला खोचून निघून गेली. टाळ्या चालूच होत्या. मला तिथल्या तिथं उसवून जावंसं वाटलं. ज्या हातांनी मला मुलींवर पांघरलं, त्याच हातांनी मला चावडीवर टांगलं!

पुढच्या शनिवारी बाईंनी मला पुन्हा पसरलं. कुणी हलेना. शेवटी चांगुणानं मला उचलून बाईंपुढं धरलं.

"बाई, आज तुमी आत जा. आमी इचारतो."

बाई हसल्या. "मला कशाला गं?"

"रागीट, भित्री... कुनीतरी असंलच की!"

बाईंनी घड्याळ पाहिलं, माझी घडी घातली आणि मला कपाटावर टाकलं. माफीचा एक शब्द नाही. तिथं कसरीनं माझा एक कोपरा खाल्ला. कुणी ऊन दाखवलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चांगुणानं मला मागून घेतलं आणि थेट आईच्या कामावर नेलं. भर दुपार. तिनं चार काठ्या रोवल्या, वर मला ताणलं आणि सावलीत बसली. लंकाबाई हातोडी टाकून समोर उभी राहिली. माझ्याकडे बघताच तिनं मला ओळखलं.

"आत कोन हाय गं?" तिनं विचारलं. नाटकातलंच वाक्य, पण आवाज नाटकातला नव्हता.

"दोघी हायेत, आई."

लंकाबाईनं हातांची धूळ पदराला पुसली. मग वाकून माझ्याखाली आली. "बोलू दे मग. दोघींनाबी."

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला घाला, म्हणजे मी टिकेन. पण माझ्याखाली कुणी काही बोललं, तर ते बाहेर नेण्याआधी जी बोलली तिला विचारा. आणि नेलंच, तर अर्धं नेऊ नका.

त्या दुपारी मायलेकी काय बोलल्या? ते मला कुणी सांग म्हटलेलं नाही.