अर्ध्या दाढीचा जबाब

मी अंबरनाथच्या मोरिवलीतल्या शंकररावांच्या सलूनमधली खुर्ची बोलतेय. बसा ना. उजवा हात जरा सैल आहे, त्यावर भार देऊ नका.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला. एका वर्कशॉपात माझे पाय वेल्ड झाले, दुसऱ्यात लाल रेक्झिन चढलं आणि तिसऱ्यात पाठीवर ‘इटली’ लिहिलेला स्टिकर लागला. इटली कितव्या कॅम्पात येते, ते मला अजून कळलेलं नाही. शंकररावांनी घासाघीस करून मला टेम्पोत घातलं आणि इथे आणलं. त्याला चौदा वर्षं झाली.

माणसं मी वजनावरून ओळखते. गळ्याशी वस्तरा आला की माणूस शंकररावांच्या प्रत्येक मताला ‘बरोबर’ म्हणतो. टॉवेल झटकला की त्याला पुन्हा कंठ फुटतो. भिंतीवर पाटी आहे, ‘येथे राजकारणावर चर्चा करू नये’. तिच्याखाली बसून लोकांनी आजवर तीन सरकारं पाडली आहेत.

राजरत्न माझा लाडका. एमआयडीसीतल्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी थेट यायचा आणि कात्रीचा पहिला आवाज ऐकला की झोपायचा. शंकरराव एका हाताने त्याची मान सावरत केस कापायचे. “ऊठ रे, झालं,” म्हटलं की आरशात बघून विचारायचा, “हा हिरो कोण?”

मागच्या वर्षी कारखान्यातली तांब्याची वायर चोरीला गेली. पोलिसांनी राजरत्नला चौकशीला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेल्याचीच बातमी आली. कोठडीच्या बाथरूममध्ये पाय घसरून पडला, असं पोलिसांनी सांगितलं. सव्वीस वर्षांचा होता.

मग आठवडाभर दुकानात कात्रीपेक्षा जिभाच जास्त चालल्या. सगळ्यात जास्त कमलेशची. हा बदलापुरात फ्लॅट विकून देतो आणि तोंडाला फेस लावलेला असतानाही बोलतो, त्यामुळे आरशावर ठिपके उडतात.

“मारला असेल तर मारला असेल,” तो म्हणाला. “चोराला काय एसीत बसवायचा? कोर्टात वीस वर्षं जातात. इधर एक दिन में फैसला.”

बाकावर एक निवृत्त मास्तर पेपर वाचत होते. “आणि उद्या वायर दुसऱ्याच्याच घरी सापडली, तर फैसला परत घेणार?”

“मास्तर, तुमच्या घरी चोरी झाली नाही, म्हणून बोलताय.”

“झाली होती की. सायकल गेली होती. चोर सापडला तो माझाच भाचा. एका दिवसात फैसला झाला नाही, ते बरं झालं. आज तो माझी औषधं आणून देतो.”

सगळे हसले, आणि हसता हसता गप्प झाले. दारात यशोधरा उभी होती. राजरत्नची मोठी बहीण, दवाखान्यात नर्स आहे. हातात एक छापील कागद आणि सेलोटेप.

“काका, हा इथे लावू का?” तिने शंकररावांना विचारलं. “राजरत्नच्या मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडे चौकशी चालू आहे. कुणाला काही माहीत असेल तर त्याने शुक्रवारपर्यंत कोर्टात येऊन जबाब द्यायचाय.”

“शंकरराव, पाटी वाचा,” कमलेश फेसातून पुटपुटला. “राजकारण नको.”

यशोधराने आरशातूनच त्याच्याकडे बघितलं. “दादा, माझ्या भावाने चोरी केली की नाही, हे त्याला कोर्टात विचारायचं होतं. आता कुणाला विचारायचं?”

कमलेश बसल्या जागी नुसता आक्रसला, ते मला कळलं.

शंकररावांनी कागद घेतला आणि आरशाच्या शेजारी चिकटवला. “हे राजकारण नाही. हा माझ्या गिऱ्हाइकाचा कागद आहे.”

कमलेशची दाढी होईपर्यंत यशोधरा दाराशी थांबली. तो उठल्यावर तिने विचारलं, “तो इथेच बसायचा?” आणि क्षणभर बसली. चौदा वर्षांत माझ्यावर बसलेली ती पहिली बाई. डोकं मागे टेकवून तिने डोळे मिटले.

“झोप येते खरी,” म्हणाली, आणि गेली.

कागद लागला आणि पोलीस गिऱ्हाईक आटलं. पोलीस लाइन आमच्यापासून दोन मिनिटांवर, पण सगळ्यांचे केस एकाएकी वाढायचे थांबले. आले ते फक्त जयदेव हवालदार, गुरुवारी सकाळी. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. आल्या आल्या क्रिकेटचं पान मागायचे. त्या दिवशी मागितलं नाही. एका गालावर वस्तरा फिरला आणि त्यांनी माझा सैल हात घट्ट धरला.

“शंकरराव, जरा थांबा.”

“लागलं का साहेब?”

“नाही. कागदावरचा शुक्रवार म्हणजे उद्याच ना?”

“उद्याच.”

जयदेवांनी आरशाशेजारचा कागद पुन्हा वाचला. “मी होतो त्या दिवशी ड्युटीवर. पोरगा पडला नव्हता, शंकरराव. त्याला दोघं मारत होते. पाणी मागत होता. मी द्यायला उठलो, तर मला म्हणाले, बस खाली. मी बसलो.”

शंकररावांचा वस्तऱ्याचा हात खाली आला.

“आमची नीलिमा बारावीला आहे. माझी नोकरीची चार वर्षं राहिलीत. तोंड उघडलं तर कुठे फेकतील, नेम नाही.”

“मी न्हावी माणूस, साहेब. मी काय सांगणार?” शंकरराव म्हणाले. मग वस्तरा पुसत हळूच म्हणाले, “पण पाण्याचं तुम्ही विसरला नाहीत.”

जयदेव उठले आणि गळ्याचं कापड काढून माझ्या पाठीवर ठेवलं.

“अहो, अर्धी राहिलीय.”

“पुरी होईपर्यंत थांबलो, तर विचार बदलेल,” म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

पुढचं यशोधराने सांगितलं. कोर्टातला कारकून म्हणे आधी त्यांच्या गालाकडेच बघत बसला. अर्ध्या दाढीने दोन तास जबाब झाला. मारणारे दोघे निलंबित झाले, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. जयदेवांची बदली एवढी लांब झाली की जाण्यायेण्यातच चार तास मोडतात. तांब्याची वायर कोणी नेली, ते अजूनही कळलेलं नाही.

कमलेश येतो. परवा फेसातून गर्जला, “त्या दोन पोलिसांना चौकात उभं करून ठोकलं पाहिजे. एक दिन में फैसला.” मास्तरांनी कपाळावर हात मारला.

यशोधरा पुढची तारीख सांगायला आली होती. “नको दादा,” ती म्हणाली. “त्यांना कोर्टात बोलू दे. मला ऐकायचंय.”

आता माझं रेक्झिन चार जागी फाटलंय आणि शंकरराव नवी खुर्ची बघताहेत. खुशाल घ्या, शंकरराव. मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. फक्त खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबा. तो इथे वाचला जाईल तेव्हा मला ऐकायचाय.